आठव्या डॉक्टरपासून सुरुवात करावी

‘डॉक्टर हू’ ही ब्रिटिश दूरचित्रमालिका पाहून झालेली आणि तिच्या श्रुतिकांकडे, कादंबऱ्यांकडे, चित्रकथांकडे वळू पाहणारी मंडळी आता आमच्या सिंधुदुर्गातही भेटू लागली आहेत. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : एवढ्या ढिगातून पहिले काय उचलावे? ढीग हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. बिग फिनिश या ब्रिटिश निर्मितीसंस्थेने जुलै १९९९ ते मार्च २०२१ या काळात केवळ एका मुख्य मालेत २७५ श्रुतिका काढल्या, आणि उपमाला त्याखेरीज वेगळ्या. कादंबऱ्यांची गणती शेकड्यांत आहे, आणि चित्रकथा तर १९६४ पासून या ना त्या नियतकालिकात चालूच आहेत. अशा वेळी शिस्तीचा माणूस पहिल्या क्रमांकापासून सुरुवात करतो. मीही तेच केले आणि फसलो. मुख्य मालेतील पहिली श्रुतिका ‘द सायरन्स ऑफ टाइम’ ही तीन वेगवेगळ्या डॉक्टरांना एकत्र आणणारी आहे. दूरदर्शनच्या पडद्यावर त्या तिघांना ओळखणाऱ्या श्रोत्याला ती पुनर्भेटीचा आनंद देते. नवख्याला मात्र लग्नघरात चुकून शिरलेल्या पाहुण्यासारखे वाटते. मी ती अर्ध्यावर सोडली आणि पुढे कित्येक महिने या साऱ्या प्रकाराकडे वळलो नाही. तेवढा काळ वाया गेला याची मला आजही हळहळ वाटते, म्हणून हा लेख.

ज्यांना मूळ मालिकेची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डॉक्टर हा काळातून आणि अवकाशातून फिरणारा परग्रहवासी. बाहेरून निळ्या पोलीस पेटीसारखे दिसणारे टार्डिस हे त्याचे यान. मरण समोर आले की तो देह पालटतो, चेहरा आणि स्वभावही पालटतो, आणि म्हणूनच नवनवे नट ती भूमिका करीत आले. त्यांना क्रमाने पहिला डॉक्टर, दुसरा डॉक्टर असे ओळखतात. मालिका नोव्हेंबर १९६३ मध्ये सुरू झाली, १९८९ मध्ये बंद पडली, १९९६ मध्ये एका दूरचित्रपटापुरती परतली आणि २००५ पासून पुन्हा उभी राहिली. १९८९ ते २००५ या सोळा वर्षांत पडद्यावर जवळपास काहीच नव्हते, आणि नेमक्या त्याच काळात कादंबरीकारांनी, चित्रकथाकारांनी आणि श्रुतिकाकारांनी हे पात्र जगवले.

येथे एक शंका हमखास निघते : पडद्याबाहेरचे हे सारे ‘खरे’ मानायचे का? दहिकाल्याच्या रात्री देवळासमोरच्या मांडावर बसलेल्या माणसाला ही शंका फार छळत नाही. दशावतारात संकासुराचा पूर्वरंग झाला की आख्यान लागते, आणि ते आख्यान पुष्कळदा कोणत्याही पुराणात सापडत नाही. देव आणि दैत्य पुराणातले, गोष्ट मात्र कंपनीने रचलेली. त्याला आपण ‘कल्पित आख्यान’ म्हणतो आणि पहाटेपर्यंत जागून पाहतो. एकाच रात्री तीन गावांत तीन कंपन्यांचे तीन विष्णू उभे असतात, आणि त्यांतला खोटा कोणता असे कोणी विचारीत नाही. कोणाचा विष्णू चांगला उभा राहिला, कोणाचे संवाद रंगले, एवढेच पाहिले जाते. डॉक्टरच्या या कथांकडेही त्याच नजरेने पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तीन कंपन्यांचे हे उदाहरण आठव्या डॉक्टरला तर तंतोतंत लागू पडते. पॉल मॅकगॅन या नटाने ही भूमिका पडद्यावर १९९६ च्या त्या एका दूरचित्रपटात केली आणि तेथेच ती कित्येक वर्षे थांबली. पुढे त्याच डॉक्टरची तीन स्वतंत्र आयुष्ये सुरू झाली : कादंबऱ्यांत एक, मासिकातील चित्रकथेत दुसरे आणि श्रुतिकांत तिसरे. तिन्हीकडे सोबती वेगळे, प्रसंग वेगळे, आणि तिन्ही एकमेकांवाचून समजतात. नवख्यासाठी यापेक्षा सोयीचे दार नाही. इतर डॉक्टरांच्या श्रुतिका म्हणजे पडद्यावर आधीच सांगून झालेल्या आयुष्याच्या फटीत बसवलेल्या गोष्टी असतात. आठव्याचे आयुष्य मुळात येथेच घडले. नोव्हेंबर २०१३ मध्ये बीबीसीने मॅकगॅनला घेऊन काही मिनिटांचा एक छोटा भाग काढला, तेव्हा मरणापूर्वी तो चार्ली, क्रिझ, लूसी, टॅमसिन आणि मॉली ही नावे घेतो. पाचही जण श्रुतिकांतले त्याचे सोबती. ऐकणाऱ्यांसाठी तो क्षण किती मोठा होता हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा पहिली श्रुतिका ‘स्टॉर्म वॉर्निंग’, जानेवारी २००१, लेखक ॲलन बार्न्स. गोष्ट घडते आर-१०१ या ब्रिटिश हवाई जहाजावर, आणि हे जहाज कल्पित नाही. सुमारे २३७ मीटर लांबीचे, हायड्रोजनने भरलेले हे अजस्र धूड ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी इंग्लंडमधील कार्डिंग्टनहून निघाले आणि त्याच रात्री फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ कोसळून जळाले. जहाजावरच्या ५४ जणांपैकी ४८ जण दगावले. ते निघाले होते कराचीला, आणि तेथे त्याच्यासाठी प्रचंड हँगर बांधून तयार होते. सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच मोडत असल्यामुळे, आपला रत्नागिरी जिल्हा ज्या इलाख्यात होता त्याच इलाख्याकडे हे जहाज येत होते. हे ध्यानात आल्यापासून मला ती श्रुतिका परदेशी वाटेनाशी झाली. या जहाजावर शार्लट ऊर्फ चार्ली पोलार्ड नावाची एक तरुणी जहाजावरच्या पुरुष सेवकाच्या वेशात लपून चढलेली आहे. डॉक्टर तिला वाचवतो. पण इतिहासाच्या हिशेबी ती त्या रात्री मेलेली आहे. वाचवणे हेच चुकीचे ठरले तर, हा प्रश्न येथे पेरला जातो आणि पुढच्या बऱ्याच श्रुतिकांत उगवत राहतो.

दोषही सांगायला हवेत. आरंभीची काही मिनिटे डॉक्टर टार्डिसमध्ये एकटाच आहे आणि समोर जे दिसते ते स्वतःशीच मोठ्याने बोलून दाखवतो. श्रुतिकेच्या लेखनातली ही जुनी अडचण आहे; आकाशवाणीच्या रत्नागिरी केंद्रावर नभोनाट्ये ऐकत वाढलेल्या श्रोत्याला ती लगेच कळेल. ‘अरे, दार उघडे दिसते, आणि हा कोण पडला आहे?’ अशा जातीची वाक्ये ओझे वाढवतात. उत्तरार्धात परग्रहवासीयांच्या समाजरचनेचे स्पष्टीकरणही लांबते. मात्र वादळ, इंजिनांची घरघर, जहाजाच्या सांगाड्याचा करकराट आणि त्यातून येणारा चार्लीचा, म्हणजे इंडिया फिशर या अभिनेत्रीचा, उत्सुक स्वर यांची वीण इतकी घट्ट आहे की ते लांबलेपण सोसवते. मॅकगॅनचा आवाज तर निव्वळ ऐकत राहावा असा आहे : मऊ, किंचित घाईचा, आणि आनंदाच्या भरात वाक्य अर्धवट सोडून पुढच्यावर उडी मारणारा.

यानंतरच्या तीन श्रुतिकांपैकी ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’ जमल्यास ऐकावी, बाकीच्या दोन मागे ठेवल्या तरी अडत नाही. पुढच्या हंगामातील ‘इन्व्हेडर्स फ्रॉम मार्स’ ही १९३८ च्या ऑर्सन वेल्सच्या त्या गाजलेल्या रेडिओ नाटकाभोवती रचलेली आहे. रेडिओवर प्रेम असणाऱ्यांनी ती सोडू नये. खरे ठिकाण मात्र त्याच्या लगेच पुढे आहे : ‘द चाइम्स ऑफ मिडनाइट’, २००२, लेखक रॉबर्ट शिअरमन.

१९०६ सालच्या नाताळची आदली रात्र. इंग्लंडमधील एका श्रीमंत घराचा तळमजला, जेथे नोकरमाणसांचा राबता. स्वयंपाकीण, बटलर, चालक, दासी आणि भांडी घासणारी ईडिथ. घड्याळाचे ठोके पडतात, कोणीतरी मरते, आणि उरलेली माणसे त्याविषयी असे बोलतात की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. मालकमंडळी कधीच दिसत नाहीत. याहून अधिक सांगणे म्हणजे श्रोत्याचा घास काढून घेणे होईल. एवढेच सांगतो की भयकथा म्हणून सुरू झालेली ही गोष्ट हळूहळू एका अशा मुलीची गोष्ट होते, जिला आयुष्यभर ‘तू कोणी नाहीस’ असे ऐकवले गेले आहे.

ही श्रुतिका मी दुसऱ्यांदा ऐकली ती आषाढातल्या एका रात्री. वीज संध्याकाळीच गेली होती, पागोळ्यांचा आवाज पडवीभर होता, आणि त्यात मोबाईलचा आवाज कोणाच्याही कानी पोचेना. तेव्हा भाच्याने माजघरातून पितळेचे रिकामे तपेले आणून मोबाईल त्यात उभा केला. आवाज वाढला आणि त्याला एक खोल, घुमणारी धार आली. घड्याळाचा ठोका पडला की तपेल्याचा काठ बोटाखाली थरथरत असे. तिसऱ्या भागाच्या शेवटी भाचा माझ्याजवळ सरकला आणि म्हणाला, “मामानू, ह्या घड्याळ आता परत वाजतला?” आईला इंग्रजी येत नाही. ती वाती वळत बाजूला बसली होती आणि ऐकत नसावी असे मला वाटले होते. भाग संपल्यावर ती म्हणाली, “त्या चेडवाक कोण इचारणा नाय, ह्या माका कळला.” भांड्यांचा आवाज, इतरांच्या स्वरातली तुच्छता आणि त्या मुलीचे अडखळणे यांतून तिने नेमके मर्म उचलले होते. ध्वनिनाट्याचे इतके सरळ प्रशस्तिपत्र मला दुसरे ठाऊक नाही.

खरेदीच्या सोयीबद्दल लिहितो, कारण किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी तो भाग महत्त्वाचा आहे. बिग फिनिशच्या संकेतस्थळावर खाते उघडून श्रुतिका विकत घेतली की ती साध्या एमपी-३ स्वरूपात उतरवून घेता येते, त्यांच्या ॲपवरही ऐकता येते आणि पुढे केव्हाही खात्यातून पुन्हा उतरवता येते. किमती पौंडांत असल्यामुळे परदेशी व्यवहाराला परवानगी असलेले कार्ड लागते. जुन्या श्रुतिका नव्या संचांपेक्षा पुष्कळ स्वस्त आहेत आणि सवलतीचे दिवसही येतात. घाई न करता यादी करून ठेवावी. एकदा फाइल हाती आली की रेंजचा प्रश्न मिटतो. कणकवलीहून पनवेलपर्यंतच्या प्रवासात माझ्या दोन श्रुतिका सहज होतात, आणि करबुड्याच्या ६.५ किलोमीटरच्या बोगद्यातही डॉक्टर बोलायचा थांबत नाही.

सीडीच्या मोहात मात्र पडू नये. संग्रह म्हणून त्या देखण्या असतात आणि सीडी घेणाऱ्याला डाउनलोडही मिळते हे खरे. पण आपल्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत तबकडीवर बुरशीचे ठिपके चढतात, हे मी स्वतः पुसून पुसून अनुभवले आहे. जुन्या कादंबऱ्यांबाबत तर मला याहून कटू अनुभव आला. परदेशातल्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी तीन वापरलेल्या प्रती मागवल्या. त्या ऐन जुलैत, साध्या कागदी पाकिटात आल्या; पाकीट ओले, मधली पन्नासेक पाने एकमेकांना चिकटलेली. विक्रेत्याने पत्राला उत्तर दिले नाही. पंख्याखाली एकेक पान सुटे करण्यात माझे चार दिवस गेले, आणि तरीही एका प्रकरणाची शाई उठून समोरच्या पानावर बसलीच. मागवायचे झाल्यास तुळशीच्या लग्नानंतर मागवावे आणि प्लॅस्टिकच्या आवरणाची विनंती आधी लिहून करावी.

चार्लीच्या कथेचा हंगाम ‘नेव्हरलँड’ला शिगेला पोचतो. त्यापुढची ‘झाग्रियस’ ही मालिकेच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त नोव्हेंबर २००३ मध्ये आलेली फार लांब श्रुतिका आहे. तिच्यात शिरण्यापूर्वी विश्रांती घ्यावी आणि इतर डॉक्टरांकडे वळावे. त्यांतली पहिली ‘स्पेअर पार्ट्स’, २००२, लेखक मार्क प्लॅट. सायबरमेन हे मालिकेतले यंत्रमानवी शत्रू मुळात माणसेच होती; ती तशी का झाली, हे येथे पाचव्या डॉक्टरच्या डोळ्यांदेखत घडते. सूर्यापासून दूर भरकटलेला मोंडास ग्रह, जमिनीखालचे शहर, आणि त्यातले एक साधे कुटुंब : वडील, मुलगा, मुलगी. अत्याचारी राजा नाही, राक्षस नाही. जगायचे तर शरीराचा एकेक भाग बदलून घ्यावा लागेल एवढीच निकड. मी ती ऐकली तेव्हा दिवसभर कोणाशी बोलावेसे वाटले नाही. दूरदर्शनवरच्या २००६ च्या सायबरमेन भागांनी मार्क प्लॅट यांचे ऋण श्रेयनामावलीत मानले आहे. शिअरमन यांच्या ‘जुबिली’ या २००३ च्या श्रुतिकेतूनही २००५ चा ‘डालेक’ हा भाग उगवला आणि तो त्यांनीच लिहिला.

‘जुबिली’ सहाव्या डॉक्टरची आहे, आणि त्याच्याविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. कॉलिन बेकर यांना पडद्यावर ही भूमिका १९८४ ते १९८६ एवढीच मिळाली, आणि तीही भडक व तिरसट लिहिली गेली. श्रुतिकांत त्यांच्या जोडीला पंचावन्न वर्षांची इतिहासाची प्राध्यापिका इव्हलिन स्माइथ आली. मॅगी स्टेबल्स यांनी रंगवलेली ही बाई डॉक्टरला कोको करून देते आणि चुकल्यावर कान उपटते. वयस्क स्त्रीला साहसकथेत इतका मान क्वचित मिळतो. मार्च २००० ची ‘द मेरियन कॉन्स्पिरसी’ ही तिची पहिली श्रुतिका, आणि ती कोणत्याही पूर्वतयारीविना ऐकता येते.

कादंबऱ्यांत आठव्या डॉक्टरच्या ७३ आहेत, १९९७ ते २००५ या काळातल्या. येथेही पहिल्या क्रमांकाचा आग्रह सोडावा. ऑगस्ट २००० मधील जस्टिन रिचर्ड्स यांची ‘द बर्निंग’ घ्यावी. या टप्प्यावर डॉक्टरची स्मृती पूर्ण पुसली गेली आहे. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या इंग्लंडमध्ये अडकला आहे आणि स्वतःचे नावही त्याला ठाऊक नाही. म्हणजे वाचक आणि नायक एकाच पायरीवर उभे. पुढे शंभर वर्षे तो पृथ्वीवर साध्या माणसासारखा काढतो. या टप्प्यातली पॉल लेनर्ड यांची ‘द ट्युरिंग टेस्ट’ मला सर्वांत थोर वाटते. दुसऱ्या महायुद्धाची ही कथा गणिती ॲलन ट्युरिंग आणि कादंबरीकार ग्रॅहॅम ग्रीन व जोसेफ हेलर हे तिघे आळीपाळीने सांगतात. एकाच माणसाला तिघांनी तीन प्रकारे पाहिलेले, आणि डॉक्टर स्वतः एकदाही ‘मी’ म्हणून बोलत नाही. परकेपण म्हणजे काय, हे इतक्या हळुवारपणे लिहिलेले मी क्वचितच वाचले आहे.

याच्याही आधी, १९९१ ते १९९७ या काळात, व्हर्जिन प्रकाशनाने सातव्या डॉक्टरच्या कादंबऱ्या काढल्या. त्यांतली पॉल कॉर्नेल यांची ‘ह्युमन नेचर’ (१९९५) शोधून वाचावी. डॉक्टर माणूस होतो, १९१४ साली मुलांच्या शाळेत मास्तर म्हणून राहतो आणि प्रेमात पडतो. हीच कथा २००७ मध्ये दहाव्या डॉक्टरसाठी कॉर्नेल यांनीच पडद्यावर आणली. पडद्यावर ती आवडलेल्यांनी कादंबरी वाचून दोन्हींची तुलना जरूर करावी. या मालेतील बहुतेक पुस्तके आता छपाईत नाहीत आणि जुन्या प्रतींचे भाव चढे आहेत. ‘ह्युमन नेचर’ मात्र बीबीसी बुक्सने पुन्हा छापली होती, त्यामुळे ती त्यातल्या त्यात सुलभ.

चित्रकथांविषयी थोडक्यात सांगतो, कारण तेथे निवड सोपी आहे. ऑक्टोबर १९७९ मध्ये ‘डॉक्टर हू वीकली’ निघाले, तेच पुढे मासिक झाले. त्यातल्या पहिल्या कथांची चित्रे डेव्ह गिबन्स यांची होती. त्यांचा ‘द आयर्न लीजन’ हा कृष्णधवल संग्रह हाती आल्यास सरळ ‘द स्टार बीस्ट’ या १९८० च्या कथेवर उघडावा. इंग्लंडमधल्या एका कारखान्यांच्या गावात शाळकरी मुलांना बीप नावाचा केसाळ, मोठ्या डोळ्यांचा, जखमी प्राणी सापडतो. पुढचे सांगत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये मालिकेच्या साठाव्या वर्षी ही कथा पडद्यावर आली, तरी गिबन्स यांच्या रेषेतले त्या गावाचे धुरकट आकाश आणि विटांच्या भिंती पडद्याला साधल्या नाहीत, असे मला वाटते. आठव्या डॉक्टरची चित्रकथा हवी असेल तर १९९६ पासूनची, ‘एंडगेम’ या संग्रहापासून सुरू करावी. आणि चित्रकथेतला फ्रोबिशर, म्हणजे रूप पालटणारा आणि बहुधा पेंग्विन होऊन वावरणारा गुप्तहेर, एकदा ओळखीचा झाला की शिअरमन यांची ‘द होली टेरर’ ही २००० सालची श्रुतिका ऐकावी. कागदावरचा पेंग्विन तेथे आवाजात उतरतो. सुरुवातीला हसू येते. दुसऱ्या तासात ते ओसरते.

माझा ‘द आयर्न लीजन’ सध्या भाच्याकडे आहे. त्याने त्याला प्लॅस्टिकचे कव्हर घातले आहे आणि तो कडुनिंबाची पाने घालून पेटीत ठेवतो. परवा फोनवर तो म्हणाला की आता त्याला चार्लीचे पुढचे ऐकायचे आहे. ‘नेव्हरलँड’ची फाइल मी त्याला या चतुर्थीला घरी येईन तेव्हाच देणार आहे, म्हणजे तपेलेही तेथेच आहे.